वाक्यातला हलता आकडा

गृहकर्ज कसे फिटत जाते हे समजावणारा लेख तुम्ही वेबपानासाठी तयार करत आहात असे समजू. त्यातले कळीचे वाक्य असे आहे: '३० लाख रुपयांचे कर्ज ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर दरमहा २६,०३५ रुपये हप्ता बसतो आणि कर्ज फिटेपर्यंत सुमारे ३२ लाख ४८ हजार रुपये व्याजापोटी जातात.' छापील अंकात हे वाक्य इथेच संपते. वेबपानावर वाचकाला त्यातल्या २०चे १५ करता येतात. हप्ता २९,५४२ रुपयांवर जातो आणि व्याज सुमारे २३ लाख १८ हजारांवर उतरते. महिन्याला साडेतीन हजार जास्त भरायचे आणि ९ लाख ३० हजार वाचवायचे, हा हिशेब लेखकाने सांगून पटतो त्याहून अधिक वाचकाने स्वतःच्या पगाराकडे बघत तो आकडा फिरवला की पटतो.

मजकूर आणि इंटरॅक्टिव्ह विजेट एकत्र आणायचे कारण एवढेच. पण बहुतेक ठिकाणी लेख एकीकडे आणि कॅल्क्युलेटरची चौकट दुसरीकडे पडलेली दिसते. लेख वाचणारा चौकटीपर्यंत पोहोचत नाही आणि चौकट वापरणारा लेख वाचत नाही. दोन्ही खरोखर एकजीव करायचे, तर एक अट आधीच मान्य करावी लागते: वाक्यात बसवलेल्या विजेटने वाक्याच्या शिस्तीने वागायचे. आकडा कोणताही असो, वाक्य सलग वाचता आले पाहिजे, व्याकरणाने शुद्ध असले पाहिजे आणि खरे असले पाहिजे. पुढचे सगळे या एका अटीतून येते. तुम्हाला एचटीएमएल, सीएसएस आणि थोडे जावास्क्रिप्ट येते असे धरून चालतो.

कोणता आकडा हलवायचा

ब्रेट व्हिक्टर यांनी २०११ मध्ये 'एक्स्प्लोरेबल एक्स्प्लनेशन्स' हा निबंध लिहिला आणि त्याच वर्षी 'टँगल' नावाची छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी सर्वांसाठी खुली केली. तिचे सुरुवातीचे उदाहरण जेमतेम दोन ओळींचे होते. किती कुकी खाल्ल्या आणि त्यातून किती कॅलरी मिळाल्या, एवढेच. कुकींची संख्या माउसने डावी-उजवीकडे ओढली की कॅलरी बदलत. वाचकाच्या हातातला एक आकडा, त्याचा परिणाम दाखवणारा दुसरा आकडा आणि दोघे शेजारीशेजारी, ही या प्रकाराची मूळ रचना. ती इतकी साधी ठेवली तरच चालते.

आपल्या वाक्यात पाच आकडे आहेत आणि सगळे हलते करण्याचा मोह होतो. तो टाळावा. कर्जाची रक्कम दुप्पट केली की हप्ता दुप्पट होतो, त्यातून वाचकाला नवे काही कळत नाही. मुदतीचे तसे नाही. २०ची १० वर्षे केली तर हप्ता दुप्पट होत नाही, ३७,१९६ रुपये होतो. उलट मुदत ३० वर्षांपर्यंत ताणली तर हप्ता फक्त २३,०६७ रुपयांपर्यंत उतरतो आणि व्याज मात्र ५३ लाखांपुढे जाते. ज्या आकड्याचे वागणे वाचकाच्या अंदाजाला चकवते तोच आकडा वाक्यात हलता ठेवायचा. आपल्या वाक्यात तो मुदतीचा आहे. रक्कम आणि दर वाचकाला स्वतःच्या परिस्थितीसाठी बदलावे लागतील, त्यांच्यासाठी परिच्छेदाखाली एक छोटी पट्टी द्या. एका वाक्यात एक, फार तर दोन हलते आकडे असावेत. त्याहून अधिक झाले की वाचक वाक्य वाचायचे सोडून फॉर्म भरू लागतो.

विषय आकड्यांचा नसून रचनेचा किंवा हालचालीचा असेल, तर नियंत्रणे वाक्यात आणूच नयेत. बार्टोश चेखानोव्स्की यांचे गिअर किंवा यांत्रिक घड्याळावरचे लेख यासाठी बारकाईने पाहावेत. त्यांत स्लायडर आकृतीखाली असतो. मजकुरात फक्त शब्दाला रंग दिलेला असतो आणि आकृतीतल्या त्याच भागाला तोच रंग असतो. प्रत्येक आकृती एकच गोष्ट दाखवते, पुढची गोष्ट पुढच्या परिच्छेदासाठी राखलेली असते. मला तो संयम फार मोलाचा वाटतो, कारण प्रोग्रामिंग येणाऱ्याला एकाच आकृतीत सगळे कोंबणे सहज शक्य असते.

क्रमाचेही तसेच. व्हाय हार्ट आणि निकी केस यांच्या २०१४च्या 'पॅरेबल ऑफ द पॉलिगन्स'मध्ये थॉमस शेलिंग यांचे वस्त्यांच्या विभागणीचे प्रतिमान समजावले आहे. त्यात वाचक आधी त्रिकोण-चौकोन स्वतःच्या हाताने हलवतो, नियम अंगवळणी पडतो आणि मगच संगणक ते काम आपोआप करून दाखवतो. न्यूयॉर्क टाइम्सने २०१५ मध्ये कौटुंबिक उत्पन्न आणि मुलांचे कॉलेजला जाणे यांचा संबंध दाखवताना वाचकालाच आधी आलेखाची रेघ काढायला लावली आणि खरी रेघ नंतर दाखवली. गृहकर्जाच्या लेखात हे सहज करता येते. '२०ची ३० वर्षे केली तर हप्ता किती उतरेल?' असे विचारून अंदाज घ्या आणि मग २,९६८ रुपये हे उत्तर दाखवा. मुदत दीडपट केली आणि हप्ता तीन हजारांनीही उतरला नाही, हे त्या वाचकाच्या लक्षात राहते.

विजेट नसतानाही पूर्ण असलेले वाक्य

न्यूयॉर्क टाइम्सच्याच ग्राफिक्स विभागातील आर्ची त्से यांनी २०१६ मध्ये एका जाहीर भाषणात स्पष्ट सांगितले की बहुतेक वाचक फक्त स्क्रोल करतात, त्यामुळे महत्त्वाचे काही क्लिकच्या मागे लपवू नये. यावरून इंटरॅक्टिव्ह लिहूच नये असा निष्कर्ष काढायचे कारण नाही. मात्र एकदाही बोट न लावणाऱ्या वाचकालाही लेखाचा मुद्दा पूर्ण मिळायला हवा. म्हणून १५ वर्षांची आणि ३० वर्षांची तुलना साध्या मजकुरातही लिहा.

तांत्रिकदृष्ट्या याचा अर्थ असा, की सर्व्हरवरून येणाऱ्या एचटीएमएलमध्ये वाक्य पूर्ण असावे: २०, २६,०३५ आणि ३२ लाख ४८ हजार हे आकडे मजकूर म्हणूनच लिहिलेले. जावास्क्रिप्ट उतरली की ती या आकड्यांभोवतीच्या स्पॅनला बदलण्याची क्षमता देते. रिकामी जागा ठेवून ती नंतर जावास्क्रिप्टने भरणे ही सर्वांत सर्रास दिसणारी पद्धत, आणि सर्वांत वाईट. नेटवर्क अडखळले, स्क्रिप्ट कोसळली किंवा कोणी पान छापले, की 'वर्षांसाठी घेतले तर दरमहा रुपये हप्ता बसतो' असे भोके पडलेले वाक्य उरते. फायरफॉक्सचा रीडर व्ह्यू लेख स्वच्छ करताना इनपुट, सिलेक्ट आणि बटण हे घटक काढून टाकतो, तिथेही हेच होते. कोणी परिच्छेद निवडून मित्राला पाठवला तर इनपुटमधला आकडा बहुधा सोबत जात नाही. म्हणून वाक्यात दिसणारा आकडा शक्यतो मजकूरच ठेवा आणि टॅप केल्यावर त्याच्या खाली स्लायडर किंवा अधिक-उणे बटणे उघडू द्या. कस्टम एलिमेंट वापरत असाल तर टॅगच्या आत मूळ मजकूर तसाच ठेवा. स्क्रिप्ट न आल्यास ब्राउझर तोच दाखवतो.

मराठी वाक्य आकड्याबरोबर बदलते

आता सर्वांत दुर्लक्षित भागाकडे येऊ. तयार लायब्ररी आणि तयार उदाहरणे बहुतेक इंग्रजीसाठी लिहिलेली असतात. तिथे आकडा बदलला की फार तर नामाच्या शेवटी एक अक्षर वाढते. मराठीत आकड्यानंतर येणाऱ्या एककाला वचनही लागते, सामान्यरूपही आणि प्रत्ययही. '२० वर्षांसाठी' हे बरोबर. स्लायडर १वर आणला की '१ वर्षासाठी' हवे, अनुस्वार जायला हवा. '२० वर्षे' आणि '१ वर्ष', '२४० हप्त्यांत' आणि '१ हप्त्यात', '१२ महिन्यांनी' आणि '१ महिन्याने'. प्रोग्राममध्ये फक्त आकडा चल ठेवून पुढे 'वर्षांसाठी' हा शब्द कायमचा लिहिला, तर वाक्य काही ठिकाणी चुकणारच.

उपाय असा, की चल भाग फक्त आकडा धरायचा नाही. आकडा, एकक आणि प्रत्यय मिळून एक तुकडा धरायचा. प्रत्येक जागेसाठी एकवचनी आणि अनेकवचनी रूप लिहून ठेवा आणि कोणते घ्यायचे ते 'इंटल.प्लुरलरूल्स'ला विचारा. मराठीसाठी ते 'एक' आणि 'इतर' असे दोनच वर्ग देते, त्यामुळे काम फारसे वाढत नाही. हा तुकडा ओळीच्या शेवटी मधेच तुटू नये म्हणून त्याला 'व्हाइट-स्पेस: नोरॅप' लावा. २० एका ओळीत आणि 'वर्षांसाठी' पुढच्या ओळीत गेले, की कशावर टॅप करायचे तेच वाचकाला कळत नाही.

अर्ध्या वर्षाची पायरी ठेवलीत तर '७.५ वर्षांसाठी' असे दिसेल. मराठी वाचक ते 'साडेसात' असेच वाचतो, मग तसेच लिहा. १.५ला 'दीड वर्षासाठी', २.५ला 'अडीच वर्षांसाठी' आणि त्यापुढे प्रत्येक अर्ध्याला 'साडे' जोडायचे. तीन अटींचे छोटे फंक्शन पुरते. यात 'दीड'नंतरचे वर्ष एकवचनी राहते आणि 'अडीच'नंतरचे अनेकवचनी होते. हे कोणतीही लायब्ररी सांगणार नाही, ते तुमच्या कानालाच ठाऊक असते.

रकमांचेही पाहा. 'इंटल.नंबरफॉरमॅट'ला 'एमआर-आयएन' हे लोकेल दिले की देवनागरी अंक मिळतात आणि स्वल्पविराम लाख-कोटींच्या जागी पडतात. तक्त्यासाठी हे उत्तम. वाक्यात मात्र '३२,४८,३२७ रुपये' यापेक्षा 'सुमारे ३२ लाख ४८ हजार रुपये' हे डोळ्यांना आणि मनाला सोपे जाते. त्यासाठी हजारांपर्यंत पूर्णांकित करणारे स्वतःचे फंक्शन लिहावे. हजारांचा भाग शून्य असेल तर तो गाळावा आणि रक्कम कोटीत गेली तर हजार सोडून लाखांवर थांबावे. इथे एक काळजी घ्यायची. दाखवलेला हप्ता २६,०३५ गुणिले २४० केले तर ६२,४८,४०० येतात, आणि सूत्रातून पूर्णांक न करता आलेली बेरीज त्याहून सत्तर-ऐंशी रुपयांनी कमी येते. चौकस वाचक हा गुणाकार करून पाहतोच. हजारांवर पूर्णांकित केलेला आकडा आणि आधी 'सुमारे' असला, की दोन्ही हिशेब जुळतात आणि वाचकाचा विश्वास टिकतो.

तुलनेच्या वाक्यात क्रियापदही बदलते. मुदत कमी केली तर 'हप्ता ३,५०७ रुपयांनी वाढतो', जास्त केली तर 'कमी होतो', आणि पुन्हा २०वर आणली तर 'तेवढाच राहतो'. 'हप्ता', मग आकडा, मग 'रुपयांनी', मग क्रियापद असे तुकडे जोडत बसलात तर शेवटच्या स्थितीत 'हप्ता ० रुपयांनी कमी होतो' असे काहीतरी छापले जाते. तीन स्थितींची तीन संपूर्ण वाक्ये लिहा आणि त्यांतले एक निवडा. यामुळे मजकूर लिहिणारा आणि प्रोग्राम लिहिणारा वेगळे असले तरी काम सोपे होते. संपादकाला कोडच्या आत शिरावे न लागता पूर्ण वाक्ये वाचून तपासता येतात.

टंकलेला आकडा

स्लायडरसोबत आकडा टंकण्याची सोय असावी, कारण ८.६५ टक्के हा दर स्लायडरवर नेमका पकडणे बोटाला जमत नाही. मराठी कीबोर्ड असलेला वाचक '२०' असे देवनागरीत टंकेल आणि जावास्क्रिप्टचे 'नंबर' फंक्शन त्याला आकडा मानणार नाही. 'टाइप'मध्ये 'नंबर' न लिहिता 'टेक्स्ट' लिहा आणि सोबत 'इनपुटमोड'ला 'डेसिमल' द्या, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीपॅड उघडतो. आलेल्या मजकुरातले स्वल्पविराम काढा आणि देवनागरी अंक बदलून घ्या. युनिकोडमध्ये ० ते ९ हे दहा अंक सलग आहेत, त्यामुळे शून्याचे स्थान वजा केले की अंक मिळतो. फील्डचा अक्षर-आकार १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका, नाहीतर आयफोनवर सफारी फील्डला हात लावताच पान मोठे करते आणि वाक्याचा अर्धा भाग पडद्याबाहेर जातो.

ओळ, शिरोरेषा आणि रुंदी

फॉर्मचे घटक आजूबाजूच्या मजकुराचा फाँट आपोआप घेत नाहीत. रोमन लिपीत हा फरक कदाचित खपून जातो, देवनागरीत तो लगेच दिसतो, कारण शिरोरेषा एका पातळीत राहत नाही. बटण, इनपुट आणि सिलेक्टला 'फाँट: इनहेरिट' लावणे ही पहिली गोष्ट. दुसरी, विजेट इनलाइन-ब्लॉक असेल तर त्याची तळरेषा मजकुराच्या तळरेषेशी जुळवा आणि वर-खाली पॅडिंग देऊ नका. पॅडिंगमुळे तेवढीच एक ओळ उंच होते आणि परिच्छेद विस्कटतो. परिच्छेदाची लाइन-हाइट १.७च्या आसपास ठेवली तर उकार, रफार आणि वेलांट्यांना जागा मिळते. विजेटवर 'ओव्हरफ्लो: हिडन' असेल तर नेमक्या त्याच छाटल्या जातात.

आकडा हलता आहे हे कळावे म्हणून ठिपक्यांची अधोरेषा हा चांगला संकेत आहे. ती उकारांना छेदू नये यासाठी 'टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट' वाढवा. साध्या दुव्याची अधोरेषा सलग ठेवा, म्हणजे दोघांचा गोंधळ होणार नाही. पानाच्या मुळाशी भाषा 'एमआर' नोंदवायला विसरू नका. नोटो सॅन्स देवनागरीसारखे फाँट त्यावरून श आणि ल यांची मराठी वळणे निवडतात. ती नोंद चुकली तर मराठी लेख हिंदी वळणाच्या अक्षरांत दिसतो आणि मला ते खरोखर खटकते.

९चे १० झाले की रुंदी वाढते, ओळ पुढे सरकते आणि स्लायडर ओढत असतानाच सगळा परिच्छेद थरथरू लागतो. यासाठी बदलत्या तुकड्याला किमान रुंदी राखून ठेवतात. बहुतेक मार्गदर्शक 'सीएच' या एककात ती द्यायला सांगतात, पण हे एकक रोमन शून्याची रुंदी मोजते, देवनागरी अंकांची रुंदी वेगळी असते. म्हणून सर्वांत रुंद मूल्य प्रत्यक्ष लिहून पाहा आणि रुंदी 'ईएम'मध्ये द्या. वाक्याची एकूण लांबी फारच बदलत असेल, तर सरळ ते वाक्य वेगळ्या परिच्छेदात ठेवा आणि त्याला दोन-तीन ओळींची उंची राखून ठेवा. दुरुस्त्यांच्या मागे लागण्यापेक्षा हे बरे.

बोट, कीबोर्ड आणि कान

आकडा ओढून बदलणे पडद्यावर छान दिसते, पण फोनवर बोट त्याच आकड्याला झाकते. शिवाय ब्राउझरला कळत नाही की वाचक आकडा ओढतोय की पान सरकवतोय. 'टच-ॲक्शन'ला 'पॅन-वाय' दिले की उभे सरकवणे ब्राउझरकडे राहते आणि आडवी ओढ तुमच्या प्रोग्रामकडे येते. तरी केवळ ओढण्यावर विसंबू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या 'डब्ल्यूसीएजी २.२' या मार्गदर्शक तत्त्वांत ओढण्याला साध्या टॅपचा पर्याय द्यावा असे सांगितले आहे, आणि टॅप करायची जागा किमान २४ गुणिले २४ पिक्सेल असावी असेही. दुसऱ्या नियमातून वाक्यात असलेल्या घटकांना सूट आहे. ती सूट घेऊ नका. गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने वाचणाऱ्यालाही तो आकडा पकडता आला पाहिजे.

कीबोर्डसाठी वेगळे काही बांधण्यापेक्षा ब्राउझरचा स्वतःचा रेंज स्लायडर आणि बटणे वापरा, बाणांच्या कळा त्यांना आधीपासून समजतात. साध्या स्पॅनवर माउसच्या घटना लावून बनवलेला हलता आकडा कीबोर्डला दिसतही नाही.

स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी परिणामाचा आकडा 'आउटपुट' घटकात ठेवा. तो बदलला की स्क्रीन रीडर आपोआप वाचून दाखवतो. इथे दोन अडचणी येतात. स्लायडर ओढताना 'इनपुट' ही घटना सतत घडत राहते आणि दरवेळी घोषणा होऊ लागली तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून डोळ्यांना दिसणारा आकडा 'इनपुट'वर बदला आणि बोलला जाणारा मजकूर 'चेंज'वर. दुसरे म्हणजे नुसते '२९,५४२' ऐकून काय कळणार? 'हप्ता २९,५४२ रुपये' एवढे छोटे वाक्य द्या. स्लायडरच्या मूल्यालाही 'एरिया-व्हॅल्यूटेक्स्ट'मधून '१५ वर्षे' असे नाव द्या, आणि स्लायडरला 'कर्जाची मुदत' असे लेबल.

साधने

एका लेखासाठी फ्रेमवर्क लागत नाही. एक स्थिती-ऑब्जेक्ट, एक हिशेबाचे फंक्शन आणि एक वाक्य रंगवणारे फंक्शन, असे शंभर-दीडशे ओळींत काम होते. असे लेख नेहमी लिहिणार असाल तर मार्कडाउनमध्ये घटक बसवू देणारे 'एमडीएक्स' सोयीचे, आणि डेटा व आलेखांसाठी 'ऑब्झर्व्हेबल'. रिॲक्टमध्ये दोन गोष्टी सांभाळा. जेएसएक्समध्ये मजकूर आणि घटक यांच्यामध्ये नवी ओळ आली की त्यांतली मोकळी जागा गायब होते आणि शब्द चिकटतात. आणि आकडा सजवताना लोकेल स्पष्ट लिहिले नाही, तर सर्व्हर सहसा रोमन अंक देतो, वाचकाचा मराठीत लावलेला ब्राउझर देवनागरी, आणि हायड्रेशनच्या वेळी, म्हणजे सर्व्हरच्या एचटीएमएलला स्क्रिप्ट जोडली जाताना, दोन्ही जुळत नाहीत.

वाचकाने ठरवलेले आकडे पानाच्या पत्त्यात साठवा, म्हणजे घरच्यांना दुवा पाठवला की त्यांनाही तेच वाक्य दिसेल. मूळ आकड्यांवर परतण्याचे बटणही हवे. मजकुरातल्या पुढच्या परिच्छेदांत '२६,०३५' असा उल्लेख असेल आणि वाचकाने वर काही वेगळेच ठेवले असेल, तर लेख स्वतःशीच विसंगत होतो.

वाक्य खरे आहे का

हलत्या आकड्याला एक अधिकार येतो. लेखकाने लिहिलेल्या आकड्यावर वाचक शंका घेतो, स्वतः फिरवलेल्या आकड्यावर सहसा घेत नाही. म्हणून गृहीतके मजकुरात, विजेटच्या अगदी शेजारी लिहिणे ही लेखकाची जबाबदारी आहे. आपले सूत्र वीस वर्षे दर तोच राहील असे धरते. प्रत्यक्षात बहुतेक गृहकर्जे फ्लोटिंग व्याजदराची असतात, आणि १ ऑक्टोबर २०१९पासून बँकांना अशी नवी कर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानदंडाशी जोडावी लागतात. दर वाढला की बहुधा हप्ता तोच राहतो आणि मुदत लांबते.

मग दुसरे हलते वाक्य हेच असावे: 'हप्ता २६,०३५ रुपयेच ठेवला आणि सुरुवातीपासून दर १० टक्के धरला, तर कर्ज फिटायला सुमारे ३८९ महिने लागतात.' २४०चे ३८९ महिने होतात, म्हणजे बत्तीस वर्षांहून अधिक. हे सांगायला विजेटसारखे साधन नाही. पण याच वाक्यात सर्वांत धोक्याची जागाही आहे. दर १०.४२ टक्के केला की ३० लाखांवरचे एका महिन्याचे व्याजच २६,०५० रुपये होते. हप्ता त्यालाही पुरत नाही. सूत्रात ऋण संख्येचा लॉगरिदम येतो, जावास्क्रिप्ट त्याचे उत्तर 'आकडा नाही' असे देते आणि निष्काळजी पानावर तेच अक्षरशः वाक्याच्या मध्यभागी छापले जाते. दर शून्यावर नेला तर पहिल्या वाक्यातही शून्याला शून्याने भागले जाते. तिथे मुद्दल भागिले महिने हा वेगळा हिशेब लावावा लागतो.

काही जण अशा वेळी स्लायडरच १०.४ टक्क्यांवर अडवतात. मला ते पटत नाही. कर्जदाराने पाहायला हवी अशी जागा हीच आहे. तिथे पोहोचल्यावर महिन्यांचा आकडा दाखवणारे वाक्य काढून घ्या आणि त्याच जागी दुसरे, पूर्ण वाक्य येऊ द्या: 'या दराला २६,०३५ रुपयांचा हप्ता व्याजालाही पुरत नाही, त्यामुळे कर्ज फिटण्याऐवजी वाढत जाते. हप्ता किमान किती हवा ते खाली पाहा.' खाली 'डिटेल्स' आणि 'समरी' हे घटक वापरून घडी घातलेला मजकूर ठेवा. उघडल्यावर त्यात किमान लागणारा हप्ता, सूत्र, प्रक्रिया शुल्क आणि विमा धरलेला नाही ही नोंद, आणि वाचकाने निवडलेल्या रकमेचे, दराचे व मुदतीचे आकडे घालून एका महिन्याचे सोडवलेले गणित असावे.